ड्रॉइंगच्या सरांचं करायचं काय?

नव्वदी ओलांडलेले ड्रॉइंगचे एक सर गेले आणि खान्देशातल्या आमच्या तालुक्याच्या गावात दोन तट पडले. एक तट म्हणतो, बसस्थानकासमोरच्या चौकाला सरांचं नाव द्या, जमलं तर अर्धपुतळाही बसवा. दुसरा म्हणतो, सर भले गृहस्थ होते हे मान्य, पण शेवटी होते रंगारीच. देवळांची छतं, नाटकांचे पडदे, दुकानांच्या पाट्या रंगवल्या, मुंबईत एक प्रदर्शन कधी भरवलं नाही, मग कलावंत म्हणून चौक कशासाठी? शोकसभेपासून मोबाइलवरच्या गटांपर्यंत सगळीकडे हेच चालू आहे. ज्या कामावरून हे भांडण पेटलं ते काम बघायला मात्र यांतलं कोणी गेलेलं दिसत नाही. सरांनी रंगवलेल्या सभामंडपात सध्या जीर्णोद्धाराचं सामान येऊन पडलंय. भिंतींना टाइल्स आणि छताला पीओपी ठरलंय.

माझं मत आधीच सांगतो. चौकाला नाव द्यायला माझी हरकत नाही, पण तेवढ्याला मी स्मरण म्हणणार नाही. सजावटीचं काम करणाऱ्या चित्रकाराची आणि कलाशिक्षकाची आठवण दोन गोष्टींनी राहते. त्याचं काम भिंतीवर आहे तोवर नीट पाहून, मोजून, फोटो काढून त्याची नोंद करणं ही एक. आणि शाळेतल्या ज्या जागेवर त्याची उमेद गेली ती जागा भरलेली ठेवणं ही दुसरी. या दोन्हींबद्दल गावात अवाक्षर निघत नाही. ‘कलावंत की कारागीर’ हा मुद्दा मात्र असा हिरिरीने लढवला जातोय, जणू त्याचा निकाल लागेपर्यंत छताचा फोटो काढायला मनाई आहे.

आता कामाबद्दल. सरांची माणसं मला कधी पटली नाहीत. राम असो, श्रीकृष्ण असो की गाडगेबाबा, सगळ्यांचे हात एकाच माणसाचे वाटतात आणि चेहरे कॅलेंडरातून उतरलेले. पण त्यांची नक्षीपट्टी बघा. वेलीची पट्टी काढणाऱ्याची परीक्षा कोपऱ्यात होते. भिंतीची लांबी काही वेलीच्या मापाने बांधलेली नसते. एका टोकापासून काढत सुटलं की दुसऱ्या टोकाला फूल अर्धं कापलं जातं, आणि ते अर्धं फूल पुढे पन्नास वर्षं बघणाऱ्याच्या डोळ्यात खुपतं. म्हणून आधी भिंतीचा मध्य काढायचा, तिथून दोन्हीकडे खण पाडायचे, जी तूट उरेल ती दर खणात केसाकेसाने वाटून टाकायची आणि कोपऱ्यासाठी दोन्हीकडे तोंड असलेलं वेगळं फूल राखून ठेवायचं. त्यात आमच्याकडची जुनी देवळं आणि धाब्याची घरं अशी की एक कोपरा गुण्यात (काटकोनात) सापडायचा नाही. सरांच्या पट्टीत कुठे जोड आहे ते शोधून दाखवावं. गेरू लावलेल्या दोरीने सूत मारायचं, टाचणीने भोकं पाडलेल्या खाक्यावर (नक्षीच्या कागदी साच्यावर) कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटायची, सरसाच्या पाण्यात पावडरचा रंग कालवायचा. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की रंग ब्रशवरच वाळतो, म्हणून पहाटे शिडीवर चढायचं आणि शाळेच्या घंटेआधी उतरायचं. हे सगळं ‘नुसती सजावट’ म्हणून निकालात काढणाऱ्याने एकदा आपल्याच ओसरीवर दहा हात लांब पट्टी काढून बघावी.

चित्रकला वरची आणि नक्षी खालची, ही उतरंड आपण अनादि असल्यासारखी धरून चाललोय. जळगावहून दीड तासावर अजिंठा आहे. तिथे लोक पहिल्या लेण्यात बोधिसत्त्व पद्मपाणीपुढे उभे राहतात, मान वर करणारे थोडे. वर अख्खं छत चौकोन पाडून भरलेलं आहे: कमळं, फळं, हत्ती, पक्षी, वेली. दुसऱ्या लेण्याच्या छतावर वर्तुळात वर्तुळं आहेत आणि हंसांची रांग आहे, त्यातला एक हंस दुसऱ्यासारखा नाही. छत रंगवणारा खालच्या दर्जाचा आणि बोधिसत्त्व रंगवणारा वरच्या, असं त्या काळी कोणी ठरवलं होतं का? ते एकाच मंडळीचं काम असेल की दोन, हे भिंत सांगत नाही. कसब मात्र दोन्हीकडे सारखंच बोलतं. तंत्रही बघण्यासारखं आहे. अजिंठ्यातली चित्रं ओल्या गिलाव्यावरची नाहीत. माती, भुसा वगैरेंचा लेप, वर पांढरा हात, आणि तो वाळल्यावर चिकट द्रव्यात कालवलेला रंग. आमच्या सरांचा सरस आणि कोरडी भिंत याच घराण्यातली. आणि अजिंठ्याच्या त्या चित्रकारांनी तरी प्रदर्शन कुठे भरवलं होतं?

आधुनिक काळातही ही उतरंड आपण समजतो तितकी पक्की नव्हती. मुंबईचं जे.जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झालं ते हाताच्या कारागिरीला वळण लावायच्या हेतूने. आज जिला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस म्हणतात ती इमारत १८७८ ते १८८८ या काळात उभी राहिली, तिच्यावरची पानं-फुलं आणि पशुपक्षी जे.जे.च्या विद्यार्थ्यांच्या हातचे आहेत. पुढे १९२०च्या दशकाच्या अखेरीस नव्या दिल्लीत सचिवालय सजवायला गेले तेही याच शाळेचे चित्रकार. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवत सिनेमात आले, चित्रकार हुसेन मुंबईत सिनेमाची पोस्टरं रंगवत होते. त्यांना नंतर मोठेपण मिळालं म्हणून ते पडदे आणि ती पोस्टरं आपण ‘सुरुवातीचा संघर्ष’ म्हणून गोड मानून घेतो. ज्याला तसं मोठेपण मिळालं नाही त्याने तेच काम जन्मभर केलं, तर ते काम हलकं कसं काय होतं?

विरोधातले काही मुद्दे दमदार आहेत. पहिला म्हणजे नकलेचा. सरांनी पुष्कळ चित्रं कॅलेंडरांवर चौकोन पाडून मोठी केली, हे खरं आहे, त्यांनी स्वतःही ते लपवलं नाही. नक्कल जपायची कशाला, असं विचारणाऱ्याला मी भुसावळला पाठवीन. तिथल्या दफनभूमीत रॉबर्ट गिल आहे. १८४४ पासून हा लष्करातला माणूस अजिंठ्याच्या भिंतींसमोर बसून नकला करत राहिला. त्याची बहुतेक मोठी चित्रं १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली तेव्हा जळाली. (लोकांना गिलचं नाव माहीत असतं ते पारो या गावातल्या मुलीवरच्या त्याच्या प्रेमाच्या गोष्टीमुळे. त्याने नेमकं काम काय केलं हे विचारलं तर दहातले नऊ गप्प.) मग १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स जे.जे.चे विद्यार्थी घेऊन लेण्यांत बसला, १८८५ पर्यंत हंगामामागून हंगाम काम चाललं, आणि त्याही नकलांचा मोठा भाग लंडनच्या संग्रहालयातल्या आगीत गेला. तरी जे उरलं आणि जे छापलं गेलं ते आज अभ्यासकांना लागतंच, कारण मधल्या काळात भिंतीवरचे पोपडे पडले आणि काही ठिकाणी नक्कल हाच पुरावा राहिला. सरांच्या नकलेलाही असंच मोल आहे. कोणतं कॅलेंडर खान्देशातल्या कोणत्या देवळात पोचलं, तिथे देवीच्या अंगावर कोणतं लुगडं आलं, मूळ चित्रातला कोणता राजवाडा काढून त्या जागी सातपुड्याची रांग आली, हा आपल्या दृष्टीचा इतिहास आहे. तो कलादालनात मिळत नाही.

गिल-ग्रिफिथ्सच्या गोष्टीला दुसरी बाजू आहे, ती सांगायलाच हवी. नकला करणाऱ्यांनी रंग उठावदार दिसावा म्हणून भिंतींना व्हार्निश चोपडलं. पुढे १९२०-२२ साली निजामाने आणलेल्या इटालियन तज्ज्ञांनी चित्रं निखळू नयेत म्हणून लाखेचा लेप दिला, तो पिवळा पडला. जपण्याच्या उत्साहात वाट लावण्याची परंपराही जुनीच आहे. आमच्याकडे एका हौशी कार्यकर्त्याने सरांच्या जुन्या चित्रांवर ‘नवा हात’ मारायची सूचना केलीय. कृपा करून कोणी तसं करू नका. फोटो पुरे आहेत.

सगळ्यांत अवघड आक्षेप वेगळाच आहे. तो मला एका आजींनी सांगितला आणि पुस्तकी विद्वानांपेक्षा चांगला सांगितला. श्रावणात आमच्या खान्देशची देवी कानबाई घरोघर बसते. त्याआधी घर सारवायचं, भिंत पोतारायची, मागच्या वर्षीचं सगळं पुसून नवं मांडायचं. रांगोळी संध्याकाळपर्यंत पायाखाली जाते, पोळ्याला रंगवलेली शिंगं पहिल्या पावसात धुऊन निघतात. सजावट पुसली जाण्यासाठीच असते. मग सरांचं छत तेवढं काचेत ठेवायचं हा कुठला न्याय? मुद्दा बिनतोड वाटतो. पण आजी पुढे जे म्हणाल्या त्यातच त्याचं उत्तर होतं: “पन आते अशी नक्षी कोन काढस भाऊ?” पुसण्याची परंपरा चालते ती पुन्हा काढणारा हात घरात असतो या भरवशावर. कानबाईची भिंत दरवर्षी नवी होते, कारण आईचं बघून मुलगी शिकलेली असते. ज्या दिवशी काढणारं कोणी उरत नाही त्या दिवशी पोतारणं हे नूतनीकरण राहत नाही. आणि टाइल्स म्हणजे पोतारणं नव्हे. टाइल लागली की पुढच्या पिढीला रंगवायला भिंतच शिल्लक राहत नाही.

शिवाय क्षणभंगुर गोष्टी नोंदवल्याने त्यांचं काही बिघडतं असं म्हणण्याचा अधिकार खान्देशी माणसाला तर अजिबात नाही. असोद्यात जन्मलेल्या, लिहितावाचता न येणाऱ्या बहिणाबाई जात्यावर आणि शेतात बसून ओव्या रचत होत्या. त्याही पुसल्या जाण्यासाठीच होत्या. दळण संपलं की ओवी संपली. मुलगा सोपानदेव आणि आप्त पितांबर चौधरी यांनी त्या उतरवून ठेवल्या. बहिणाबाई १९५१ साली गेल्या, १९५२ साली अत्र्यांच्या पुढाकाराने कविता छापून आल्या, आणि २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव मिळालं. या क्रमाकडे आमच्या चौकवाल्यांनी जरा लक्ष द्यावं. आधी वही, मग पुस्तक, आणि नाव सगळ्यांत शेवटी. त्या वहीची पानं नसती तर आज कोणत्या इमारतीवर कोणतं नाव असतं? आम्ही उलट्या बाजूने सुरू केलंय: नाव आधी, आणि वही तर कोणाच्या मनातही नाही.

आता शिक्षक म्हणून सरांकडे येतो. शोकसभेत वक्त्यांनी सरांचे कोणते विद्यार्थी कुठे पोचले याची उजळणी केली. ही आपली ठरलेली सवय, गुरूचं माप शिष्याच्या उंचीने घ्यायचं. धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे राम सुतार जगभर माहीत आहेत, १८२ मीटरचा सरदार पटेलांचा पुतळा त्यांच्या कल्पनेतला. त्यांना घडवून जे.जे.कडे वळवणारे गुरू श्रीराम कृष्ण जोशी किती जणांना माहीत आहेत? जे थोडे लोक जोशींचं नाव घेतात तेही सुतारांमुळेच घेतात. समजा सुतार पुढे शिल्पकार झाले नसते, गावातच सुतारकी करत राहिले असते, तर जोशींचं शिकवणं वाया गेलं असतं काय? ड्रॉइंगच्या तासाला बसलेल्या साठ पोरांपैकी चित्रकार होणारा एखादा असतो, बहुतेक वर्षी तोही नसतो. उरलेले शेतकरी होतात, शिंपी होतात, जिनिंगमध्ये गाठी मोजतात, तलाठी होतात. त्यांच्यासाठीच तर तो तास असतो. ज्याला वस्तुचित्रात तांब्याचा काठ लंबगोल का दिसतो हे एकदा कळलं, तो पुढे घराचा नकाशा हातात आला की फसत नाही. स्मरणचित्र काढायला बसलेल्या पोराला पहिल्यांदा उमगतं की रोज बघितलेल्या बैलगाडीच्या चाकाला आरे किती हे आपण कधी पाहिलंच नव्हतं. गावातला एक फर्निचरवाला आजही खुर्चीच्या पाठीची नक्षी मध्यापासून मांडतो. कोणी शिकवलं विचारलं तर भिंतीकडे बोट दाखवतो.

याही ठिकाणी विरोधकांचं एक म्हणणं कबूल करायला हवं. जुने ड्रॉइंगचे सर म्हणजे स्वातंत्र्याचे पुतळे नव्हते. रेषा वाकडी गेली की पट्टी बसायची, आकाश निळंच रंगवायचं, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा म्हणजे दोन डोंगर, एक दोन फूल पाकळ्या सोडून संकल्पचित्र सगळ्यांचं एकसारखं. पुढे दहावीला वाढीव गुण मिळू लागल्यावर चित्रकलेची गोडी नसलेलीही पोरं रांगेत आली आणि तिचा शिकवणीचा धंदा झाला. आमचे सरही या साच्याबाहेरचे नव्हते; डाव्या हाताने काढणाऱ्याला ते सरळ उजवा हात वापरायला लावत, आणि हे चूकच होतं. पण साचा नको म्हणून शिक्षकच नको, हा कुठला तर्क? गणिताचे मास्तर काही कमी छड्या मारत नव्हते, म्हणून आपण गणिताची जागा रद्द केली नाही.

चित्रकलेची मात्र केली, आणि तीही आवाज न करता. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी कलाशिक्षणाचा उल्लेख आहे, पण तो असा: पट शंभराच्या वर असेल तर अंशकालीन निदेशक. पट नव्वद असेल तर काय? सातपुड्याच्या पायथ्याशी, तापीकाठच्या खेड्यांत शंभराचा पट नसलेल्या शाळा किती तरी आहेत. त्या पोरांना डोळे नसतात काय? आणि अंशकालीन म्हणजे ज्याला त्याच शाळेत उद्या असण्याची खात्री नाही असा माणूस. आमच्या सरांचं नक्षीकाम उभं राहिलं ते त्यांना पूर्ण पगाराची, निवृत्तीपर्यंतची नोकरी होती म्हणून. सकाळी छत आणि दुपारी वर्ग हे दोन्ही एकाच आयुष्यात बसलं, कारण चूल शाळेवर चालत होती. देवळाच्या कामाचे पैसे त्यांनी अनेकदा घेतलेच नाहीत. तासावर पैसे मिळणाऱ्या आजच्या निदेशकाकडून कोणी ही अपेक्षा करेल का? २०२०चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सांगतं की कला आणि विज्ञान यांत, अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर यांत भिंत नको. वाक्य छान आहे. पण त्यासाठी वर्गात माणूस लागतो, आणि सर निवृत्त झाल्यापासून त्यांच्या शाळेत ‘कला’ हा विषय ज्याचे तास कमी भरतात त्याच्या गळ्यात पडतो; कधी हिंदीच्या मॅडम, कधी पीटीचे सर.

पैशाचा आक्षेप राहिला. नगरपालिकेने पाणी द्यावं की चित्रं जपावीत? पाणीच द्यावं, यात वाद नाही. पण मी जे मागतोय त्याला अर्धपुतळ्याच्या चौथऱ्याइतकाही खर्च नाही. छतांचे फोटो काढायला एक चांगला कॅमेरा, एक घोडी (दुहेरी शिडी) आणि दोन-चार सुट्टीचे दिवस लागतात. कोणत्या देवळात, कोणत्या वाड्यात, कोणत्या शाळेच्या व्हरांड्यात काय आहे, कधी रंगवलं, सोबतीला कोण होतं, हे सांगणारी माणसं अजून हयात आहेत. ही यादी करताना चांगलं-वाईट निवडत बसू नये. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव दप्तरं धुंडाळत फिरले, साधनांचे २२ खंड काढले आणि शेवटी धुळ्यात देह ठेवला. त्यांनी कागद उचलताना पत्रलेखकाची शैली सुरेख आहे का असं विचारलं नाही. मालकाला जी रद्दी वाटत होती ती त्यांनी गोळा केली, म्हणून आज आपल्याकडे इतिहास आहे. चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस १९८९ साली गेले; त्यांच्या घराचं संग्रहालय झालं म्हणून त्यांचं काम आज आपल्याला पाहता येतं. मूस यांचं काम कागदावर, घरातल्या घरात होतं, त्यामुळे ते सोपं गेलं. सरांचं दुसऱ्यांच्या भिंतींवर विखुरलंय, म्हणून घाई जास्त.

त्यांच्या घरी मात्र एक पेटी आहे. तीत खाके आहेत: टाचणीने टोचलेले, कोळशाने काळवंडलेले, घडीवर फाटत चाललेले कागद. गावातल्या कोणाला ती रद्दी वाटेल. पण त्या कागदांतूनच सरांची पट्टी पुन्हा कोणत्याही भिंतीवर उतरवता येते. छत गेलं तरी नक्षी राहू शकते, जर वाळवीच्या आधी कोणी पोचलं तर. घरची मंडळी द्यायला तयार आहेत, घेणारं कपाट हवंय. शाळेत ते आहे. मंदिराच्या विश्वस्तांचा हक्कही मी नाकारत नाही. देऊळ त्यांचं आणि भाविकांचं आहे, गळकं छत दुरुस्त व्हायलाच हवं आणि स्वच्छ भिंत हवी असं वाटणं हा गुन्हा नाही. पण पाणी वरून गळतंय. ते वरच्या गच्चीवर थांबवायचं की खालून पीओपी ठोकून झाकायचं, हे आधी एखाद्या गवंड्याला विचारा. एवढं विचारून झालं आणि तरी पीओपीच ठरलं, तर त्याआधी दोन दिवस घोडी लावू द्या.

चौकाच्या नामकरणाचा ठराव मांडणारी मंडळी बहुतेक सरांचीच विद्यार्थी, आणि त्यांतले काही तर शाळा चालवणाऱ्या संस्थेचे सभासदही आहेत. ठरावावर सह्या भराभर झाल्या. पूर्णवेळ कलाशिक्षकाच्या पदासाठी शिक्षणाधिकाऱ्यांकडे करायच्या अर्जावरही त्याच सह्या लागतील, आणि तो अर्ज अजून कोणी टाइपसुद्धा केलेला नाही.